मेव्हिस ग्रिमशॉचा सांडलेला चहा

मेव्हिस ग्रिमशॉच्या पोटात गुपित राहत नाही, असं कुणी म्हटलं असतं तर हॅझलक्लफच्या लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. अहो, अख्ख्या गावाची गुपितं त्या बाईच्या पोटात होती. चौदाव्या वर्षी ती गिरणीत मागावर उभी राहिली. गिरणी बंद पडली तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. कुणाच्या पोरानं काय चोरलं, कुणाची आई कुणाबरोबर समुद्रकाठी ब्लॅकपूलला मौज करून आली, सगळं तिला ठाऊक, आणि सगळं तिनं कस्टर्डच्या पातेल्यात ढवळून टाकलेलं. म्हणूनच क्विझ लीगच्या शेवटच्या सामन्याचे प्रश्न तिच्या हाती देताना कुणाला फारशी चिंता वाटली नाही.

लीग म्हणजे गावातल्या पबांचे आणि क्लबांचे नऊ संघ. हिवाळाभर दर मंगळवारी संध्याकाळी सामने व्हायचे, आणि ज्या संघाला त्या आठवड्यात सामना नसेल त्यानं बाकीच्यांसाठी प्रश्न काढायचे. मेव्हिस लिबरल क्लबची कप्तान. तिचा नवरा विल्फ मात्र वीव्हर्स पबकडून खेळायचा. एका घरात दोन संघ कसे, तर अठरा वर्षांपूर्वी तिनं वीव्हर्सच्या संघात जागा मागितली होती, तेव्हा त्यांचा कप्तान अर्नी पिलिंग म्हणाला होता, "मेव्हिस, तू गुण लिही की. तुझं अक्षर छान आहे." मेव्हिसनं हातातली पेन्सिल त्याच्या बिअरमध्ये उभी केली, समोरच्या लिबरल क्लबात गेली आणि स्वतःचा संघ काढला. त्या संघानं आजवर तीनदा शील्ड जिंकलं. वीव्हर्सनं एकदाही नाही. अर्नी अजून पस्तावतोय.

विल्फ नऊ वेळा दुसरा आला होता. नऊ वेळा! सहासष्ट वर्षांचा झाला, गुडघे गेले, पण शील्डचं वेड गेलं नाही. वीव्हर्सच्या बारमागच्या भिंतीवर त्यानं शील्डसाठी सात वर्षांपूर्वीच खिळा ठोकून ठेवला होता. लोक त्या खिळ्याला ओल्या टोप्या अडकवायचे आणि विल्फ त्या काढून फेकायचा. त्या वर्षी, चौऱ्याऐंशी साली, शेवटच्या मंगळवारी वीव्हर्स आणि रेल्वे हे दोन पब बरोबरीवर होते. जो जिंकेल त्याचं शील्ड. प्रश्न काढायची पाळी आली लिबरल क्लबची, आणि वाचायचे होते मेव्हिसनं.

रेल्वेचा कप्तान नॉर्मन बर्टविसल. हा मूळचा क्रू गावचा, रेल्वेत सिग्नलवर नोकरी केलेला, स्वभावानं वाईट नव्हे पण जीभ तिखट. तो भर बारमध्ये म्हणाला, "बायको विचारणार, नवरा उत्तर देणार. आम्ही येताना जोडप्यासाठी फुलंच घेऊन येतो."

"फुलं आण," मेव्हिस म्हणाली. "पण नॉर्मन, ज्या दिवशी माझ्या घरातून एक उत्तर बाहेर जाईल ना, त्या दिवसापासून मी या गावात तोंड दाखवणार नाही."

तिचं हे असंच होतं. एकदा शब्द गेला की गेला.

प्रश्न मेव्हिस आणि तिच्या संघातल्या दोघींनी मिळून काढले. त्यातला एक, त्या दोघींपैकी गावच्या ग्रंथपाल बाईंनी आणला होता: पनामा कालव्यातून अटलांटिककडून पॅसिफिककडे जाणारं जहाज साधारण कोणत्या दिशेनं जातं? उत्तर होतं, आग्नेय. मेव्हिस म्हणाली, "काहीतरीच काय! पश्चिम. माझा नवरा जाऊन आलाय." बाईंनी तिच्यापुढे मोठा नकाशा उघडला. तिथं जमीनच अशी आडवी वळलेली की कालव्याचं पॅसिफिककडचं तोंड अटलांटिककडच्या तोंडाच्या पूर्वेला येतं. मेव्हिस आधी बघत राहिली आणि मग वाचनालयात मोठ्यानं हसली. चाळीस वर्षं! चाळीस वर्षं विल्फनं लग्नात, बारशात, मयतीच्या जेवणात तीच गोष्ट ऐकवली होती: एकोणिसाव्या वर्षी तो जहाजावर स्वयंपाक्याचा हरकाम्या होता आणि पनामातून 'सरळ मावळतीकडे' गेला होता. मेल्यानं मावळती बघितली कुठून? खाली बसून बटाटे सोलत होता ना!

प्रश्नांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकून क्रम लावला, म्हणजे कुणाला कोणता येईल ते कुणाच्याच हाती राहू नये. पनामा आला सगळ्यात शेवटी. शेवटचा प्रश्न जातो नाणेफेक हरणाऱ्या संघाच्या चौथ्या खेळाडूला. वीव्हर्सचा चौथा खेळाडू विल्फ. मेव्हिसचं हसू तिथंच विरलं.

मंगळवारी सकाळी अर्नी घरी आला. त्याच्या लेकीनं त्याला जहाजाच्या सफरीचं तिकीट काढून दिलं होतं, त्याचं रंगीत पुस्तक दाखवायला आला होता. मेव्हिस दोघांच्या कपात चहा ओतत होती.

"हे बघ विल्फ, पनामा कालवासुद्धा आहे यात," अर्नी म्हणाला.

"अरे, मला विचार!" विल्फ खुर्चीत सरसावून बसला. "सरळ पश्चिम. होकायंत्राची गरज नाही. पश्चिम म्हणजे पश्चिम."

आणि मेव्हिसनं कप भरला, बशी भरली, मेजपोस भरला, आणि चहा अर्नीच्या विजारीपर्यंत पोचला तरी ती ओततच राहिली.

"अगं, अगं! कालवा इथंच काढतेस की काय?" अर्नी ओरडला.

"हात थरथरला," ती म्हणाली आणि फडकं आणायला पळाली. अठ्ठेचाळीस वर्षं कामाला लावलेला हात. माग चालवताना धागा न तुटू देणारा. तो म्हणे थरथरला!

तो दिवस तिनं कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसं. प्रश्न बदलावा का? पाच राखीव प्रश्न होते. पण नवऱ्याचं चुकणार म्हणून प्रश्न काढायचा, हीसुद्धा चोरीच की. सांगावं? छे. मग नशिबावर सोडून द्यावं. नाणं कसंही पडू शकतं, असं तिनं स्वतःला दुपारभर बजावलं. विल्फ जेवून वर गेला तो अर्धा तास खाली आला नाही. "पोट बिघडलंय," म्हणाला. दर सामन्याआधी त्याचं पोट बिघडायचं, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही.

वीव्हर्स गच्च भरला होता. नाणेफेक झाली. वीव्हर्स हरले. मेव्हिसनं पाण्याचा घोट घेतला.

आपण एकट्यानं उत्तर दिलं तर दोन गुण, संघाशी बोलून दिलं तर एक, आणि चुकलं तर समोरच्यांना एका गुणाची संधी. बोलताना मात्र तोंडावर हात धरायचा. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण हॅझलक्लफमध्ये सगळे पाळतात, कारण मागांच्या खडखडाटात कानांचा उपयोग नसे आणि गिरणीत राबलेली माणसं ओठांवरून बोलणं वाचतात. खोलीच्या या टोकाला पुटपुटलेलं त्या टोकाची म्हातारी सहज वाचते.

सामना असा रंगला की मधल्या वेळच्या मांस भरलेल्या गरम पाई आणि लाल कोबी निम्म्या तशाच राहिल्या. विल्फ तर पेटला होता. नद्या झाल्या, राजे झाले, चीजचे प्रकार झाले, सगळे दोन-दोन गुण. आणि शेवटच्या प्रश्नाला दोन्ही संघ अडतीसवर.

मेव्हिसनं प्रश्न वाचला. आवाज सरळ ठेवला. वाचून झाल्यावर मात्र कागदावरून डोळे वर काढायची तिला भीती वाटली. आता हा छाती फुगवून 'पश्चिम' म्हणणार आणि दहाव्यांदा दुसरा येणार, आणि हे सगळं आपल्या तोंडून.

पण विल्फनं आधी तिच्याकडे पाहिलं. मग खुर्ची वळवली आणि तोंडावर हात धरून अर्नीशी बोलायला लागला. नऊ वेळा दुसरा आला तरी या माणसानं कधी कुणाला उत्तर विचारलं नव्हतं. बाकीच्या दोघांना पनामा म्हणजे टोपी एवढंच ठाऊक, ते छताकडे बघत बसले.

विल्फच्या तोंडावर हात होता. अर्नीच्या एका हातात पाइप आणि दुसऱ्यात ग्लास. त्याची पाठ लोकांकडे होती आणि तोंड थेट मेव्हिसकडे. तिनं नको नको म्हणतानाही वाचलं.

"नकाशात बघितलंस?" अर्नीचे ओठ म्हणाले. "कधी, दुपारी?... चहावरून?... हात् तिच्या मारी." मग, "नाही विल्फ. मग नको. नॉर्मन तिला सोडायचा नाही... माझं काय विचारतोस? शील्ड गेलं खड्ड्यात."

मेव्हिसला वाटलं, उठावं आणि सांगून टाकावं, हा प्रश्न रद्द, माझ्या हातून चहा सांडला. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. ती उठणारच होती. टेबलाला हात टेकलेसुद्धा.

"पश्चिम!" विल्फ गरजला. "सरळ पश्चिम. मी स्वतः गेलोय!"

साठ-सत्तर माणसं तिच्याकडे बघत होती. नॉर्मन तर डोळ्यांत तेल घालून.

"चूक," मेव्हिस म्हणाली.

सगळ्या बारमधून एक 'अरेरे' उठला. नॉर्मननं डोकं खाजवलं. हा बाबा तिथं जाऊन आलाय आणि तरी चुकतोय, म्हणजे नेमकं उलटं, पूर्वेकडचं काहीतरी असणार, आणि पॅसिफिक तर कालव्याच्या दक्षिणेला, असा त्यानं हिशेब केला. "आग्नेय?" तो भीत भीत म्हणाला. एकोणचाळीस-अडतीस. शील्ड रेल्वेचं.

नॉर्मन शील्ड काखेत घेऊन तिच्याकडे आला आणि त्यानं टोपी काढली. "मिसेस ग्रिमशॉ, फुलांचं बोललो ते मागे घेतो. नवऱ्याला तोंडावर चूक म्हणालात. अशी सरळ बाई मी पाहिली नाही."

"जा रे, घरी जा," मेव्हिस म्हणाली.

घरी जाताना चढावर विल्फ शीळ घालत होता. हरल्यावर तीन दिवस फुगून बसणारा माणूस!

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक?"

"आग्नेय."

"आग्नेय म्हणे! तुमच्या त्या ग्रंथपालबाईला सांग, पुस्तकं वाचून जहाजं चालत नाहीत. पश्चिम म्हणजे पश्चिम."

"विल्फ, मी अर्नीचं तोंड वाचलं."

"अर्नीला दात नाहीत. त्याचं वाचलेलं खरं धरू नये." आणि पुन्हा शीळ. तिनं त्याचा हात धरला, इतका घट्ट की तो ओरडला, "अगं, मी पडत नाहीये!" ती रडत होती आणि हसतही होती, आणि असल्या हट्टी गाढवाशी आपण लग्न केलं याचा तिला इतका आनंद झाला की तो कुणाला सांगताही येईना.

विल्फनं शेवटपर्यंत कबूल केलं नाही. अर्नीनं नाही. गावानं मात्र विल्फला फाडून खाल्लं. "विल्फ, घर कुठल्या दिशेला?" "विल्फ, सूर्याला सांग रे, आज कुठून उगवायचं ते." पोस्टमनसुद्धा सोडायचा नाही. तो हसायचा, ग्लास उचलायचा, आणि तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायचा, बटाट्यांसकट.

पुढच्या हिवाळ्यात लीगचं वार्षिक जेवण होतं. सगळे नऊ संघ. जेवण उरकल्यावर नॉर्मन उभा राहिला. आता तो मित्रच झाला होता, पण जीभ तीच. "मंडळी, आपल्या विल्फसाठी आम्ही रेल्वेवाल्यांनी होकायंत्र आणलंय!" हॉल हसून हसून लोळला. विल्फही हसला. पण हसताना त्याचे कान लाल झालेले मेव्हिसला दिसले.

ती उठली.

"नॉर्मन," ती म्हणाली, "पनामाचा कालवा पश्चिमेलाच जातो."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. अठरा-एकोणीस वर्षांत या बाईनं चुकीच्या उत्तराला अर्धा गुणसुद्धा दिला नव्हता. एकदा बिशपचं उत्तर एका वर्षानं चुकलं होतं, तर त्यालाही सोडलं नव्हतं.

"अहो, पण तुम्हीच तर आग्नेय..." नॉर्मननं हातातलं होकायंत्र खाली ठेवलं. "तुमच्याच कागदावर होतं!"

"चुकलं माझं," मेव्हिस म्हणाली. "विल्फ गेलाय तिथं. तो सांगतो तेच बरोबर."

आणि ती खाली बसली, आणि वाढणाऱ्या मुलीला म्हणाली, नवऱ्याला आणखी एक पाई दे.