नव्वद नंबरचं तेल

सर्जेराव कदमांच्या दुकानाचं शटर फक्त अमावास्येला खाली असायचं. त्या दिवशी ट्रकवाले गाड्या बाहेर काढत नाहीत, मग ऑइलचं दुकान उघडं ठेवून करायचं काय, असा त्यांचा रोकडा हिशेब. त्यामुळे यंदा गणपती जाऊन चार दिवस झाले नाहीत तोच विरारच्या फुलपाड्यातलं ते निळं शटर बंद दिसलं, तेव्हा मी आधी मनातल्या मनात तिथी आठवली. अमावास्या लांब होती. शेजारच्या पंक्चरवाल्याने हातातली ट्यूब खाली ठेवली आणि म्हणाला, "काका, आपको किसीने बताया नहीं?" मी ग्रीसचा डबा घ्यायला गेलो होतो. रिकामी पिशवी हातात धरून मी त्या पायरीवरच बसलो. आदल्या पहाटे झोपेतच गेले म्हणे. आयुष्यभर इतकं बोललेला माणूस जाताना कुणाला चकार शब्द न बोलता गेला, हे मला अजून पटत नाही.

सर्जेराव मूळचे साताऱ्याकडचे. विरारला आधी एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे होते, मग फुलपाड्यात नव्या इमारतीखाली गाळा घेऊन त्यांनी ऑइल आणि ग्रीसचं दुकान टाकलं. नम्रपणा हा गुण देवाने त्यांच्या वाट्याला दिलाच नव्हता. राजकारण, क्रिकेट, मुलींची लग्नं, मधुमेह, सगळ्यावर त्यांचं मत ठाम असे आणि बहुतेक वेळा साफ चुकीचं. मधुमेहाला जिलबी चालते हे मत तर त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. पण दुकानदारीची त्यांची एक तऱ्हा होती. गिऱ्हाइकाने येऊन "गिअरचं ऑइल द्या" म्हटलं की डब्याला हात लावायच्या आधी ते विचारायचे, "गाडी कुठं हाय?" मग स्वतः केबिनमध्ये चढायचे, ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला इंजिनावरच्या झाकणावर, म्हणजे बॉनेटवर, बसायचे, आणि गिअरच्या दांड्यावर ठेवलेल्या ड्रायव्हरच्या हातावर आपला जाडजूड पंजा ठेवून म्हणायचे, "टाक." पहिला, दुसरा, तिसरा... डोळे मिटून. एखादं घाईतलं गिऱ्हाईक वैतागून दुसऱ्या दुकानात जायचं. "जाऊ द्या," सर्जेराव म्हणायचे, "नाडी न बघता औषध देणारे बी लई हायेत."

आम्ही विरारजवळच्या चांदीप गावचे. भाताची थोडी शेती आणि एक ट्रक, तो माझा आणि धाकट्या भावाचा, जनार्दनचा, दोघांत मिळून. जनू भाडी बघायचा, मी चालवायचो. नव्वदीच्या मधल्या वर्षांत विरारला इमारती अशा उगवत होत्या की आमच्याकडच्या विटांना उसंत नव्हती. त्याच सुमारास आम्ही जुना ट्रक काढून नवा घेतला. जुन्या गाडीला प्रत्येक गिअरला डबल क्लच मारावा लागे. एकदा क्लच दाबून न्यूट्रल, मग पुन्हा दाबून गिअर. नव्या गाडीत ती कसरत नव्हती, एकदा क्लच दाबला की गिअर सहज पडायचा. पन्नाशीला आलेल्या माझ्या गुडघ्याला केवढं बरं वाटलं!

जनू देवभोळा, आणि गाडीला तो देवच मानायचा. दसऱ्याला गाडी धुणं, झेंडूच्या माळा, नारळ हे सगळेच करतात. आमच्याकडे त्या दिवशी गाडीचं तेलही बदलायची रीत, वडील बैलगाडीच्या आसाला दसऱ्याला वंगण द्यायचे तेव्हापासूनची. नव्या ट्रकच्या पहिल्या दसऱ्याला जनूने मला बाजूला सारलं, सकाळी आंघोळ करून सोवळ्यातल्यासारखा गाडीखाली शिरला आणि गिअरबॉक्समध्ये त्याला मिळालं ते सगळ्यात जाड तेल भरलं. एकशेचाळीस नंबरचं. मागच्या चाकांच्या मधोमध जो क्राऊनचा गोळा असतो, त्यात घालतात ते. आमच्या पट्ट्यात जाड तेल म्हणजे चांगलं तेल, जसं जाड दूध म्हणजे चांगलं दूध. त्याच्या मनात खोट नव्हती. उलट, उत्तमातलं उत्तम गाडीला वाहिल्याचा आनंद त्याच्या तोंडावर होता.

मग थंडी पडली. आमच्याकडची थंडी ती किती, पण शेतातून पहाटेचं धुकं उठतं तेव्हा अंगणातल्या गाडीचं लोखंड हाताला चावतं. सकाळी गिअर पडेना. दांडा दुसऱ्या गिअरकडे ओढला की आतून करकर आवाज यायचा, दोन्ही हातांनी खेचावं लागे. गॅरेजवाला म्हणाला, आवाज येतोय म्हणजे तेल आणखी जाड घाला. आणि एका सकाळी, विटा भरलेल्या, जनू शेजारी बसलेला, चढावर दुसरा पडलाच नाही. गाडी मागे सरकली. मागून शाळेची दोन पोरं सायकलवर येत होती. मी हँडब्रेक ओढला, गाडी थांबली, पोरं हसत बाजूने निघूनही गेली. पण जनूचं तोंड पांढरं पडलं होतं. घरी आल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादा, आता तू बस घरी. हातात तेवढा जोर नाय ऱ्हायला तुज्या. माजा मेव्हना चालवील गाडी... कोनाचा जीव गेला म्हंजे?"

पोरं मीही पाहिली होती. विसाव्या वर्षापासून जे एक काम मला येत होतं ते माझ्या हातातून गेलं, असं मी धरूनच चाललो. दोन-तीन दिवस मी जेवताना डावा हात मांडीखाली दाबून बसत होतो. बायकोने एकदा मला स्वयंपाकघरात उभं लाटणं धरून पहिला, दुसरा, तिसरा असे गिअर टाकताना पाहिलं. ती हसली नाही. तिने लाटणं काढून घेतलं आणि चहा ठेवला. तिच्या न हसण्यानेच मला जास्त लागलं.

मेहुण्याच्या हाती गाडी धड द्यावी, म्हणून जाड तेल आणायला मी ट्रक घेऊन फुलपाड्याला गेलो. ऊन चढलं होतं. सर्जेराव शिरस्त्याप्रमाणे बॉनेटवर बसले आणि माझ्या हातावर हात ठेवला. गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडले.

"मग रडतोयस कशाला, डायवर?"

मी सगळं सांगितलं. सकाळचं, चढाचं, पोरांचं, माझ्या हाताचं. त्यांनी पंजा काही उचलला नाही.

"सकाळी पडत न्हाई. दुपारी पडतो. रोज असंच?"

"रोज."

"म्हंजे तुझा हात सकाळी म्हातारा असतो, आन् दुपारी तरणा होतो व्हय?"

इतकी साधी गोष्ट! मला सुचली नव्हती, जनूला नाही, गॅरेजवाल्यालाही नाही. माणूस पन्नाशीचा झाला की सगळी दुखणी वयाच्या नावावर टाकायची आपल्याला सवयच असते. सर्जेराव उतरून गाडीखाली गेले. गिअरबॉक्सचं बूच काढून बोट आत घातलं आणि माझ्या नाकाशी धरलं. काकवीसारखं जाड, गंधकाचा उग्र वास. "ह्यात हे कुणी वतलं?" मग त्यांनी समजावलं ते मी आजही कुणालाही सांगू शकतो. जुन्या गाडीत जे काम आपला पाय करायचा, ते ह्या गाडीत आतल्या पितळी कड्या करतात. गिअर पडायच्या आधी त्या घासून आतल्या दोन दातेरी चाकांचा वेग सारखा करतात. मधे थंड, जाड तेल असलं तर त्यांची पकडच बसत नाही. ऊन चढलं, तेल पातळ झालं की बसते. आणि क्राऊनच्या तेलातलं गंधकाचं औषध पोलादाला मानवतं, पण पितळेला हळूहळू खातं. "ह्याला नव्वद नंबरच पायजे, आन् नव्वदमधलं बी गिअरबॉक्सचं. क्राऊनचं न्हाई. बासुंदीला लसणीची फोडनी देतोस का तू?" त्यांनी जुनं तेल घमेल्यात सोडलं, थोडं तळहातावर घेतलं आणि उन्हात तिरपं धरून बराच वेळ पाहिलं. कड्या झिजल्या असत्या तर तेलात सोनेरी कण चमकले असते. "सोनं न्हाई," ते म्हणाले. "नशीबवान हायेस." आयुष्यात सोनं नाही म्हणून आनंद मला तेवढ्या एकदाच झाला.

नव्वद नंबरचं तेल भरून झाल्यावर मी म्हणालो, घरी जाऊन जनूला चांगला धरतो. तशी ते माझ्यावरच डाफरले. "खबरदार! देवाला निवद दाखवावा तसं वतलंय त्यानं. त्याला म्हणायचं, थंडीचं तेल येगळं असतंय, बास." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, धुकं असताना, माकडटोपी घातलेले सर्जेराव पहिल्या एसटीने चांदीपला हजर! साताऱ्याच्या माणसाने आमच्या थंडीला माकडटोपी घालावी, ह्यावरून मी त्यांना पुढे वर्षानुवर्षं चिडवलं. जनूला त्यांनी केबिनमध्ये पलीकडे बसवलं, स्वतः बॉनेटवर. पंजा माझ्या हातावर. "टाक." त्याच चढावर, विटा भरलेल्या, दुसरा पडला. आवाजसुद्धा आला नाही. जनू समोर बघत राहिला. त्यानंतर मेहुण्याचं नाव आमच्या घरात निघालं नाही. मी पुढे बारा-तेरा वर्षं गाडी चालवली, दोन मुली त्या गाडीच्या कमाईवर शिकल्या, आणि सन्मानाने, माझ्या मनाने, चाक पुतण्याच्या हाती दिलं. हे सगळं मला सर्जेरावांनी दिलं. त्यांना हे तोंडावर कधी म्हणालो नाही, म्हणालो असतो तर तासभर स्वतःचं कौतुक ऐकवलं असतं.

आता पेच असा होता की जनूला खरं सांगायचं नाही म्हटल्यावर पुढच्या दसऱ्याला तो पुन्हा जाड तेल ओतणार. त्यावर सर्जेरावांनीच तोड काढली. दसऱ्याला सकाळी ते स्वतःच नव्वद नंबरचा डबा घेऊन, त्याला झेंडूचं फूल बांधून, चांदीपला यायला लागले. "माझ्याकडनं गाडीला आहेर," असं जनूला सांगायचे आणि गाडीखाली शिरायचे. एकही दसरा चुकला नाही. जेवायला बसले की बायको ताटात जिलबी वाढायची आणि मधुमेहावर व्याख्यान सुरू व्हायचं... घरातल्या पोरांना वाटायचं, हे कोणी नात्यातलेच आहेत. तसे ते होतेच.

यंदाचा दसरा त्यांच्याशिवाय आला. गाडी धुऊन झाली, माळा बांधल्या. मला काही सुचत नव्हतं. डबा आणायला फुलपाड्याला जायचं तर त्या बंद शटरपुढून जावं लागणार, म्हणून मी चार दिवस टाळत आलो होतो. तेवढ्यात जनू आला. हातात नव्वद नंबरचा डबा, त्याला झेंडूचं फूल बांधलेलं.

मी म्हणालो, "तुला नंबर कोणी सांगितला?"

"कोनी कशाला सांगायला पायजे? गाडीबरोबरच्या पुस्तकात लिवलंय. त्या वर्षीच वाचलं मी, सर्जेराव येऊन गेले त्याच दिवशी." तो गाडीखाली वाकला होता, तोंड दिसत नव्हतं. "मला ठाव होतं दादा, चूक माजीच होती."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर ते दसऱ्याला कशाला आले असते?"

तेल भरून झाल्यावर पहिली फेरी मारायची. दसऱ्याची फेरी अजून माझी असते, पुतण्या त्या दिवशी चाकाला हात लावत नाही. मी चढून बसलो. जनू दुसऱ्या बाजूने चढला, पण रोजच्या जागेवर बसला नाही. माळ सावरत पुढे सरकून तो बॉनेटवर बसला. मी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला, त्याने माझ्या हातावर त्याचा हात ठेवला आणि समोर बघत म्हणाला, "टाक."