मी त्याला क्रिकेट खेळायला लावलं

न्यूनेन या डच गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींनी तीन वर्षांपूर्वी मला एक कबर दिली. 'दिली' हाच बरोबर शब्द आहे. दुसऱ्या महायुद्धात या भागात पडलेल्या परदेशी सैनिकांच्या कबरी इथली माणसं दत्तक घेतात. दगड नीट ठेवायला वेगळी माणसं असतात. दत्तक घेणाऱ्याने फुलं न्यायची, मृत्यूच्या दिवशी तिथे जायचं आणि त्या माणसाची आठवण ठेवायची, एवढंच. ही कबर युद्ध संपल्यावर आजींच्या आईने घेतली होती, नंतर आजींनी. आता आजींचे गुडघे गेले होते आणि मुलं कॅनडात होती.

"बुरमान," त्या म्हणाल्या. इथे शेजाऱ्याला अशीच हाक मारतात. "तू आणि तुझी बायको रोज सायकलने त्याच बाजूला फिरायला जाता. आता तू बघ त्याच्याकडे."

"पण मी भारतीय आहे," मी म्हणालो.

"तो तरी कुठे इथला होता?"

तो ऑस्ट्रेलियन होता. हवाई दलात वायरलेस ऑपरेटर. इंग्लंडहून निघालेलं त्याचं विमान जर्मनीवरून परतताना इथल्या शेतात पडलं. दगडावर पंख पसरलेला पक्षी कोरलाय, खाली नाव आणि वय: बावीस. त्याच्या डाव्या हाताला एकवीस वर्षांचा आहे, उजव्या हाताला वीस. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी ती वयं वाचत रांगेच्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. पंचविशीच्या पुढचे मोजकेच. बाविसाव्या वर्षी मी पुण्यात होस्टेलच्या मेसमधल्या पोळ्या कच्च्या असतात म्हणून अर्ज लिहीत होतो. या देशात आलो तो नोकरीसाठी. घर घेतलं, पासपोर्ट बदलला. तो अर्धं जग ओलांडून आला आणि त्याला इथे मिळाली ती एवढी जमीन. त्याच्यासमोर उभं राहिलं की आपण काही न देता आत शिरलोय असं मला वाटायचं. अजून वाटतं.

चार मेला संध्याकाळी आठ वाजता युद्धात गेलेल्यांसाठी सगळा देश दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो. आमच्या दफनभूमीत त्याआधी एक रीत आहे: दत्तक घेणाऱ्यांनी आपापल्या माणसाचं आयुष्य थोडक्यात वाचून दाखवायचं. आजी दर वर्षी तीच चार वाक्यं वाचायच्या. नाव, वय, गाव, हुद्दा. गेल्या वर्षी त्यांनी ते काम माझ्याकडे दिलं.

स्थानिक इतिहासाची आवड असलेल्या मंडळींनी मला एक कागद दिला. त्यात आजींच्या चार वाक्यांपलीकडे काही नव्हतं. मी आणखी माहिती शोधायला हवी होती. कुणाला तरी पत्र लिहायला हवं होतं. पण आइंडहोवनला आमच्या ऑफिसात एका मशीनच्या डिलिव्हरीची घाई चालू होती, आणि मी पुढे ढकलत राहिलो. समारंभाच्या आधीच्या रविवारी दुपारी बसलो आणि पान भरलं. त्यात मी लिहिलं की तो क्रिकेट खेळायचा. नुसतं तेवढंच नाही. तो लेगस्पिन टाकायचा, सुकलेल्या मैदानावर, अंधार पडून चेंडू दिसेनासा होईपर्यंत. हे सगळं माझ्या धाकट्या काकांचं होतं. ते साखर कारखान्याच्या मैदानावर असे खेळायचे.

डच दुरुस्त करायला कागद मुलीकडे दिला. ती सतरा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते.

"हे तुला कसं माहीत?" तिने विचारलं.

"अगं, ऑस्ट्रेलियन होता. क्रिकेट खेळतच असणार."

"बाबा, तू इंडियन आहेस. तुला योगा येतो?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "त्याला साबुदाण्याची खिचडी आवडायची, असंही घाल. कोण विचारायला येतंय?"

आम्ही तिघंही हसलो, आणि क्रिकेटचं मी तसंच ठेवलं.

माझं काम मोजमापाचं आहे. दोन मोजलेल्या बिंदूंच्या मध्ये काही माहीत नसेल तर आम्ही अंदाजाने रेघ ओढतो, पण ती तुटक काढतो, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की इथे कुणी मोजलेलं नाही. गेली वीस वर्षं मी नवीन पोरांना हे शिकवतोय. त्या रविवारी मात्र मी सरळ, ठसठशीत रेघ ओढली.

वाचन फार चांगलं झालं. दोन बायकांनी डोळे पुसले. गावाच्या संकेतस्थळावर ते पान चढलं.

हिवाळ्यात ऑस्ट्रेलियातून ईमेल आली. त्या वायरलेस ऑपरेटरच्या बहिणीची मुलगी, म्हणजे त्याची भाची. वय ऐंशी. तो गेला तेव्हा ती जन्मलीही नव्हती. कुणीतरी तिला ते पान शोधून, भाषांतर करून दिलं होतं. तिने लिहिलं होतं की घरात मामाबद्दल फार थोडं उरलंय आणि क्रिकेटचं तर कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या आईने कधी सांगितलं नाही. आता तिचा नातू त्याच्या मुलाला चेंडू वळवायला शिकवताना म्हणतो, हे आपल्या रक्तातच आहे. शेवटी विचारलं होतं: हे तुम्हाला कुठे मिळालं, कळवाल का?

पाच आठवडे मी उत्तर दिलं नाही.

"अरे, कळव तिला," बायको म्हणाली.

"काय कळवू?"

"की तू ते बनवलंस."

"ऐंशी वर्षांची बाई आहे गं."

"म्हणूनच लवकर कळव."

मी बरीच कारणं शोधली. त्यात कुणाचं काय बिघडतंय? खेळलाही असेल. पण एक गोष्ट मला कळत होती. मी गप्प राहिलो असतो तर त्या घरात पुढच्या पिढ्यांना माझे काका आठवले असते, तो नाही. ज्याचं सगळं गेलं, त्याच्या आयुष्यातलं उरलंसुरलंही मी बदलून टाकलं असतं.

एका शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल केला. तिकडे संध्याकाळ होती. बारीक चणीची बाई, मागे खिडकीत पिवळं ऊन. मी आधी पाठ केलेली वाक्यं विसरलो आणि एकदम म्हणालो, "ते क्रिकेट मी मनाने लिहिलं. मला काहीच माहीत नव्हतं."

तिने मग चष्मा काढून पुसला.

"तुम्ही सांगितलं नसतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "नाही, सांगितलंत ते बरं केलंत." तिने चष्मा पुन्हा लावला. "खरं सांगू? अजून ठरत नाहीये माझं."

मी माफी मागितली. तिने ती ऐकली, स्वीकारली असं नाही म्हणाली. मग विचारलं, "त्याच्या दगडावर खालच्या बाजूला जागा कोरी आहे, बघितलीत?"

बघितली होती. बाकीच्या बऱ्याच दगडांवर तिथे घरच्यांनी निवडलेली एक ओळ आहे.

"माझ्या आजीला, म्हणजे त्याच्या आईला, त्या ओळीसाठी फॉर्म आला होता. आई सांगायची, आजी लिहायची आणि फाडायची. जे लिहील ते त्याच्यासारखं वाटेना. शेवटी तसाच राहिला."

ज्या बाईने त्याला वाढवलं तिला एक ओळ लिहिण्याचं धाडस झालं नाही, आणि मी एका दुपारी पान भरलं होतं.

"आमच्याकडे तीन गोष्टी आहेत," ती म्हणाली. "आईकडून आलेल्या. लिहून घ्या." मी शाळेतल्या मुलासारखी वही ओढली. ती सावकाश सांगत गेली, आणि प्रत्येक गोष्ट मला परत वाचून दाखवायला लावली.

यंदा चार मेला मी वाचायला उभा राहिलो. चांगला उजेड होता. समोर साठ-सत्तर माणसं, पहिल्या रांगेत खुर्चीवर आजी. मी आधी सांगितलं की गेल्या वर्षी मी क्रिकेटबद्दल जे वाचलं ते खरं नव्हतं, ते मी रचलं होतं. कुणीतरी खोकलं. माझ्या डचमध्ये चुका झाल्या असतील. मुलीला यंदा मी कागद दाखवला नव्हता. मग तीन गोष्टी वाचल्या. तो अशी शीळ घालायचा की शेजारच्या शेतावरची कुत्रीसुद्धा धावत यायची. त्याने बहिणीला वडिलांच्या उंच सायकलवर सायकल शिकवली, सीट धरून मागे धावत. आणि त्याला पोहता येत नव्हतं.

एवढंच. माझं वाचन सगळ्यांत लहान होतं. नंतर आठ वाजले आणि सगळे उभे राहिले. आजीही काठीवर भार देऊन उठल्या. रस्त्यावरची एक सायकलवाली मुलगी पाय टेकून थांबली. मी दगडाकडे बघत होतो. इथून समुद्र शंभरेक किलोमीटरवर आहे, पलीकडे इंग्लंड. प्रत्येक फेरीला तो समुद्र दोनदा ओलांडायचा, जाताना आणि येताना, काळोखात, यंत्राला कान लावून.

गर्दी पांगल्यावर आजींनी मला खुणेने बोलावलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"बुरमान, पोहता येत नव्हतं?"

"नाही. भाचीने सांगितलं."

"पण ते समुद्रावरून यायचे."

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि आम्ही दोघं दगडापर्यंत गेलो. जन्मभर त्या इथे येत होत्या, आधी आईचं बोट धरून, मग एकट्या. त्या वाकल्या, हात दगडाच्या माथ्यावर ठेवला आणि त्याच्याशीच बोलल्यासारख्या हळू म्हणाल्या, "अरे, पोरा."