सबनिसांचं ग्रानादा

सिंगापुरात मरीन परेडला माझ्या घराच्या वरच्याच मजल्यावर राहणारे हरीश सबनीस ग्रानादा शहराचा जुना भाग जेवढा ओळखतात, तेवढा तिथला पोस्टमनही ओळखत नसेल. अल्बायसिन म्हणतात त्या भागाला. टेकडीच्या उतारावर पांढऱ्या भिंती, गोट्यांची फरसबंदी, मध्येच संपणाऱ्या वाटा. कुठली गल्ली चौकात निघते नि कुठली कुणाच्या बागेच्या भिंतीशी अडते, सगळं पाठ. स्पेनमध्ये मात्र हा माणूस कधी गेलेला नाही.

संध्याकाळी ऑफिसातून आले, की हातपाय धुऊन लॅपटॉप उघडायचा, रस्त्यांचे फोटो दाखवणाऱ्या गूगलच्या नकाशातला तो बोटाएवढा माणूस उचलून एखाद्या गल्लीत सोडायचा आणि दारं बघत बसायचं. मूळचे पुण्याचे, कंपनीत टेस्टिंगचे मॅनेजर. शिस्त इथेही तीच. बघून झालेल्या गल्लीपुढे वहीत खूण. चौदा महिने हे चाललंय.

शोधायचंय ते लेकीचं दार. भार्गवी संशोधनासाठी तिकडे गेली, ते सोडून तिथल्याच एका कुंभाराशी लग्न करून राहिली. चार वर्षांपूर्वी तिने आईच्या फोनवर नव्या घराचा फोटो पाठवला. निळं दार, दारात ती. हरीशरावांनी तो दोन सेकंद पाहिला नि पुसून टाकला. तेवढ्यावर थांबतील तर सबनीस कसले. भर दुपारी उठून त्यांनी लेकीच्या नावाने आंघोळ केली आणि ओल्या अंगाने फोन करून तिला तसं सांगितलं. माणूस गेल्यावर करतात ती आंघोळ, जित्या मुलीच्या नावाने. हे कळल्यावर महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नव्हते. लिफ्टमध्ये दिसले तर जिन्याने जायचे.

मग त्यांना अक्कल आली, पण फार उशिरा. तिचा नंबर बदललेला. ईमेल परत येतो. विद्यापीठ म्हणतं, ती आता इथे नाही. वकिलात म्हणते, सज्ञान मुलीचा पत्ता आम्ही देत नाही. हाताशी उरलं ते दोन सेकंद पाहिलेलं दार. एकदा मी न राहवून विचारलं, "हरीशराव, सापडलं तरी करणार काय?"

"जाईन. दारात उभा राहीन. आत नाही घेतलं तरी चालेल, विनीता. माफी मागून परत येईन."

आणि साठीचा माणूस माझ्यासमोर तोंड झाकून रडला. मला त्यांच्यावर धड रागावताही येईना.

निळी दारं तिथे ढिगाने. त्यातलं एखादं जुळतंसं वाटलं, की ते बायकोला, मालतीताईंना, हाक मारायचे, कारण फोटो नीट पाहिला होता तो त्यांनीच. ताई ओट्यापासून हात पुसत यायच्या, चष्मा लावून बघायच्या आणि म्हणायच्या, "हे नव्हे." की परत कामाला.

परवा मी त्यांचा डबा परत करायला गेले होते, तेव्हा अशीच हाक आली. या वेळी हरीशरावांचा आवाज कापत होता. पडद्यावर निळं दार, वर चढलेला वेल, आणि पायरीवर ओळीने वाळत ठेवलेले मातीचे वाडगे.

"मालती, वाडगे बघ. कुंभाराचं घर आहे हे."

मालतीताईंनी बघितलं. नेहमीपेक्षा बराच वेळ बघितलं.

"हे नव्हे," त्या म्हणाल्या. "तिच्या दाराला पायरीच नव्हती."

हरीशराव खुर्चीत खचले. मग वही ओढून त्यांनी खूण केली.

मला पोचवायला ताई लिफ्टपर्यंत आल्या आणि तिथेच भिंतीला टेकल्या. "तेच होतं, विनीता," म्हणाल्या.

तीन वर्षं त्या लेकीशी बोलताहेत. दर बुधवारी भाजी आणायला म्हणून लिटिल इंडियाला जातात आणि तिथल्या एका बाकावर बसून फोन लावतात. भार्गवीने पहिल्याच दिवशी बजावलंय, बाबांना पत्ता कळला तर मी घर बदलेन आणि नवा नंबर तुलाही देणार नाही.

"त्यांची काय दशा झालीय, ते सांगितलंत का तिला?" माझा आवाज चढला.

"दर बुधवारी सांगते. 'नो नीड लाह, आई' म्हणते, काही गरज नाही, अजून इथल्याच सिंगापुरी इंग्रजीत." डोळे वाहत होते, त्या पुसतही नव्हत्या. "रोज यांना आंधळं करते मी. कळतं मला. पण तीही गेली तर मी कशावर जगू?"

तोंड उघडलं तर या बाईची लेक जाते, आणि गप्प बसलं तर तो माणूस लेकीच्या दारावरून पुढे निघून गेलाय. दोघांवरही चिडून मी रात्रीचा स्वयंपाक केला नि तसाच झाकून ठेवला.

काल संध्याकाळी हरीशराव लिफ्टमध्ये भेटले. खूप थकलेले, तरी हसले. पुढची गल्ली सुरू केली म्हणाले.

"मालतीची नजर पक्की म्हणून वाचलो, विनीता. नाहीतर भलत्याच्याच दारात माफी मागून आलो असतो."