एक जूनचं गाव आणि आमचे साडू

जगाची सुरुवात एक जानेवारी एकोणीसशे सत्तरला, पहाटे साडेपाच वाजता झाली, असं मनापासून मानणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात एकच आहे आणि ते माझे साडू आहेत. संगणक म्हणे त्या क्षणापासून एकेक सेकंद मोजत आलाय. जगाच्या घड्याळात, म्हणजे ग्रीनिच वेळेत, तेव्हा मध्यरात्र होती, म्हणून आपल्याकडे साडेपाच. त्यानंतर जन्मलेले सगळे अधिकात, आधी जन्मलेले सगळे वजात. लग्नाकार्यात एखाद्या वडीलधाऱ्याच्या पाया पडून झालं की साडू त्यांना आदरानं सांगतात, "काका, तुमी वजात जन्मला." नांदूरघाटच्या एका चुलत्यांनी त्यावर पान थुंकून उत्तर दिलं होतं, "वजात का होईना, पन हाय की बे अजून!"

साडू बीडच्या एका कॉलेजात संगणक विभाग सांभाळायचे. निवृत्त झाले, पण काळा पडदा सुटला नाही. त्यांच्या संगणकावर चित्रं नाहीत, रंग नाहीत, माऊस तर कधीचा कपाटात पडलाय. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, बस्स. ते इंग्रजीत दोन-चार शब्द टाइप करतात, "पुढचा शुक्रवार", "तीन आठवड्यांमागं", आणि यंत्र निमूटपणे तारीख काढून देतं. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या वेळी मी त्यांच्यामागं उभा असतो आणि माझा आ वासलेला असतो. साधी वेळ विचारली तरी हा माणूस आधी विचारतो, "कुठली? आपली का जगाची?" मुलीच्या लग्नपत्रिकेवर त्यांनी आधी साल, मग महिना, मग दिवस असा आकडा छापला. "असं लिव्हलं की आपोआप क्रमानं लागतंय," म्हणे. लग्न सहा मेला होतं, म्हणजे पत्रिकेवर सालापुढं ०५-०६. तेच चुलते पाच जूनला फेटा बांधून हजर झाले आणि बंद मंगल कार्यालयासमोर तासभर उभे राहिले. मेव्हण्यानं मांजरसुंब्याला ढाबा काढला, तेव्हाही असंच. एकतीस जानेवारीला ठरलं, बरोबर एका महिन्यानं उद्घाटन. मंडप आणि आचारी साडूंकडे. आम्ही फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी सहकुटुंब पोचलो, तर ना मंडप ना आचारी. साडूंना फोन लावला, तर ते शांत. "एकतीस फेब्रुवारी नसती. म्हनून उरलेले तीन दिस मार्चात ढकलायचे, असा यंत्राचा हिशेब हाय. तुमी लवकर कावून गेलात?" आम्ही शेवटी त्याच ढाब्यावर पिठलं-भाकरी करून खाल्ली आणि तीन मार्चला पुन्हा गेलो.

पण या माणसाची मी आयुष्यभर थट्टा केली असती, ती आमच्या सासूबाईंमुळे बंद झाली. आम्ही दोघं जावई त्यांना मामी म्हणतो. मामींच्या गावात सगळ्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जूनला असतो. जुन्या काळी जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची, मग शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट एक जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळे त्या दिवशी गावात शुभेच्छा द्यायला माणूस सापडत नाही, कारण ज्याला द्याव्यात तोच घ्यायला बसलेला. गेल्या वर्षी नातवंडांनी एक जूनला केक आणला तेव्हा मामी रागानं उठून आत गेल्या. नंतर साडूंना म्हणाल्या, "माझ्या आईनं मला एक जूनला जन्माला घातलं न्हाई, जावाईबापू. तिनं कळा सोसल्या तो दिस कुनालाच ठावं न्हाई. मरायच्या आत एकदा माझ्या दिशी दिवा लावायचाय. हुडकता का?"

मामींना एवढंच माहीत होतं: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्म, वार गुरुवार, कारण गावचा बाजार होता आणि सुईण बाजारातून बोलावून आणली होती. साल निजाम गेल्यानंतरचं, पण नेमकं कुठलं ते माहीत नाही, आणि पोळा दर साली वेगळ्या तारखेला येतो, म्हणून तारीख ठरत नव्हती. साडूंनी कुठून तरी चंद्राचं गणित मिळवलं आणि त्या काळ्या पडद्यात बसवलं. यंत्र एकेक साल मागं जात राहिलं, साडू चहा विसरत राहिले, आणि शेवटी दोन ओळी उमटल्या. दोन सालं, दोन्हींत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार. मी म्हणालो, "एक निवडा की, मामींना काय कळतंय!" साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरलोय. "दुसऱ्याचा दिस त्येंना देऊ? मग मास्तरानं काय वेगळं केलं व्हतं?"

त्यानंतर महिनाभर ते लॅपटॉप काखोटीला मारून त्या गावात फिरत होते. त्या साली पाऊस कसा होता, विहिरीला पाणी होतं का, कुणाची म्हैस व्याली होती का, काय वाटेल ते विचारायचे. लोकांना वाटलं, जमिनीची मोजणी आली. शेवटी वेशीपाशी सीताफळांची गाडी लावणारे म्हातारे चाचा भेटले. मी तेव्हा बरोबर होतो. मामींचं नाव काढताच चाचा हसले. "तिच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात की म्या. नवा पायजमा घालून गेलतो. बकरीद होती ना बेटा त्या दिशी, अम्मीनं सकाळीच घातलता."

साडू गाडीवर ओणवे झाले. "चाचा, बकरीदच? रमजानची न्हाई?"

"अरे, कुर्बानीचं वाटप करून तर गेलतो आमी. कसं इसरंल?"

साडूंनी सीताफळं बाजूला सारली आणि गाडीवरच लॅपटॉप उघडला. पोळाही चंद्रावर, ईदही चंद्रावर, बाजार तेवढा वारावर. जन्मापासून बारावा दिवस आणि बकरीद एकत्र येते ते साल त्या दोघांतलं कुठलं, एवढंच आता विचारायचं होतं. अक्षरं उमटली. एकच ओळ. साडू चष्मा काढून, चाचांच्या खांद्यावर डोकं टेकून चक्क रडले. मीही रडलो, लपवत कशाला बसू! एवढ्या मोठ्या काळातून एका बाईचा एक दिवस उचलून आणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

तो दिवस कुठला ते मी इथे लिहीत नाही, तो मामींचा आहे. इंग्रजी तारखेनं यंदा तो श्रावणाच्या उतरणीला आला. मामींनी आधी आपल्या आईच्या नावानं दिवा लावला, तिच्याशी काहीतरी पुटपुटल्या, मग केकपाशी बसल्या. सुरी हातात घेऊन थांबल्या.

"जावाईबापू, तुमचा दिस कवा असतो?"

साडू हसले. "एक जून. मी बी तसल्याच मास्तरांचा."

"मग तुमचा बी हुडका की."

"न्हाई हुडकता येत, मामी. कुनी सांगनारं लागतं. माझी आई मी रांगत व्हतो तवाच गेली, आन बाकीचे बी आता कुनी न्हाईत."

मामींनी त्यांचा हात ओढून सुरीवर ठेवला, वर आपला हात ठेवला. "हितनं पुढं ह्योच तुमचा," त्या म्हणाल्या. साडू, जे आजवर कुणाची चुकीची तारीख खपवून घेत आले नव्हते, त्यांनी मान खाली घातली आणि केक कापला.