हसण्याचा दुसरा रस्ता

बत्तीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यांवर पोट भरलं, असं फोटोमास्तर स्वतःच सांगायचे. स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मध्ये जाड पडदा, मागे एक स्टूल, दोन दिवे आणि पांढरी भिंत. समारंभांच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. ओळखपत्रांचे, परवान्यांचे, अर्जावर डकवायचे फोटो, एवढाच धंदा. माणसाची पापणी दर तीन-चार सेकंदांनी लवते हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. “डोळे मिटा. आता उघडा,” म्हणायचं आणि उघडल्या उघडल्या बटण दाबायचं, ही त्यांची रीत. डोळे मिटलेला फोटो त्यांच्या हातून कधी गेला नाही.

काउंटर मात्र बायकोचं. रडवेलं पोर असो की रांगेत तापलेला कारकून, पडद्यापर्यंत पोचेतो ती त्याला हसवून मोकळं करायची. मास्तरांकडे तयार चेहरा यायचा. ही मेहनत कुणाची, हे त्यांनी कधी मनावर घेतलं नव्हतं.

मग एका सकाळी चूळ भरताना पाणी तिच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून गळायला लागलं.

“अहो, बघा ना, तोंडाला काय झालंय,” ती म्हणाली. जीभ जड होती, उजवा हातही. मास्तरांनी पायात चपलासुद्धा घातल्या नाहीत. रिक्षा थांबवून थेट दवाखाना गाठला. मेंदूच्या डाव्या भागात रक्ताची बारीक गुठळी होती. “वेळेवर आणलंत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चार दिवसांत हात चालायला लागला, आठवड्यात बोलणं सुधारलं. पण हसायला गेलं की ओठांचा डावा कोपरा वर जायचा आणि उजवा जागच्या जागी लोंबायचा.

घरी आल्यावर तिने नाकापासून खाली ओढणी बांधली. “काउंटरवर मी बसणार नाही. हे तोंड बघून गिऱ्हाईक पळेल.”

“अगं, होईल सरळ.”

“झालं की बसेन.”

मास्तरांनी मनावर घेतलं आणि त्यांना येत होतं तेच केलं. रोज सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधी तिला स्टुलावर बसवायचं, दिवा लावायचा आणि म्हणायचं, “हस.” फोटो निघायचा. तो आतल्या भिंतीवर तारीख घालून टाचायचा. एकवीस दिवसांचे एकवीस फोटो, सगळे एका बाजूला कललेले. मास्तर त्यांवर भिंग धरून सुताएवढा फरक शोधत बसायचे.

“उवा शोधाव्यात तसं माझं हसू शोधताय,” ती ओढणीआडून म्हणायची.

एक गोष्ट त्यांना कळेना. तिच्या दोन्ही पापण्या एकदमच लवत होत्या. कपाळावर आठ्याही दोन्हीकडे पडायच्या, आणि मास्तरांना पाहून हल्ली बऱ्याच पडायच्या. बिघडलं होतं ते गालाखालचं. चेहरा एकच आणि कारभार दोन, असं कसं?

बाविसाव्या दिवशी तिच्या औषधांच्या कार्डासाठी फोटो हवा होता. त्याला नियम एकच: तोंड बंद, हसायचं नाही. मास्तरांना सुटल्यासारखं झालं. तिने ओढणी सोडली. त्यांनी दिवा सरकवला आणि सवयीने, गिऱ्हाइकाशी बोलायच्या गोड आवाजात म्हणाले, “मॅडम, हनुवटी किंचित खाली. इकडे बघा. हसू नका.”



“मॅडम?” ती म्हणाली. “बरं साहेब. फोटो न्यायला किती वाजता येऊ?”

आणि तिला हसू फुटलं. ओठांचे दोन्ही कोपरे, दोन्ही गाल एकदम वर गेले, उजवा डावा काही उरलं नाही. मास्तर बघतच राहिले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं बोट बटणावर असून दाबलं गेलं नाही.

“तसंच! तसंच हस पुन्हा!” ते ओरडले. ती हसली. ओठ लोंबला.

“आत्ता सरळ होतं, तुझी शपथ.”

“माझं मन राखायला खोटं बोलू नका,” ती म्हणाली आणि ओढणी घट्ट बांधली.

पुरावा नव्हता. पुढचा आठवडाभर मास्तरांनी विनोद सांगून पाहिले. पण त्यांच्या विनोदांना ती लग्नापासून हसली नव्हती, आता कशी हसणार?

शेवटी तपासणीच्या दिवशी त्यांनी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, चोरीची तक्रार द्यावी तसं.

“खरं सांगताहेत ते,” बाई तिला म्हणाल्या. “‘हस’ म्हटल्यावर तुम्ही जे हसता, त्याचा हुकूम मेंदूच्या वरच्या थरातून निघतो. तो रस्ता गुठळीने अडवलाय. आपसूक येणारं हसू आतून खोलवरून, दुसऱ्या रस्त्याने येतं. तो मोकळा आहे.”

“आणि पापण्या?” मास्तरांनी विचारलं.

“कपाळाला आणि पापण्यांना मेंदूच्या दोन्ही बाजूंनी हुकूम पोचतो. एक बाजू बसली तरी दुसरी सांभाळून घेते. पापणीचं आपोआप लवणं तर आणखी खाली, मेंदूच्या देठात चालतं. ते कुणाला विचारत नाही.”

बायकोने ओढणी हनुवटीखाली सरकवली. “म्हणजे माझं हसू गेलं नाहीये?”

“आहे तिथेच आहे. फक्त हुकूम ऐकत नाही.”

“हुकूम तर मी आधीही कुणाचा ऐकत नव्हते,” ती म्हणाली. मास्तरांचा पडलेला चेहरा पाहून तिला हसू आवरेना.

“हे बघा! दोन्हीकडून,” बाई म्हणाल्या. नवऱ्याच्या शपथेला जे जमलं नव्हतं, ते डॉक्टरांच्या एका वाक्याला जमलं.

त्या संध्याकाळी मास्तरांनी भिंतीवरचे फोटो एकेक करून काढले. रोज सकाळी आपण तिला बंद दारासमोर उभं करून ठोठावायला लावत होतो, हे त्यांना टोचलं. टाचण्यांची भोकं चुन्यात तशीच राहिली. कुणी बांधले असतील दोन रस्ते, एक सांगून हसायचा आणि एक न सांगता हसायचा? मास्तर देवदेव करणारे नव्हते. तरी त्या रिकाम्या भिंतीसमोर ते बराच वेळ उभे राहिले. कुणाचे आभार मानायचे ते ठाऊक नव्हतं; पण मानल्यावाचून त्यांना राहवेना.

सोमवारी ती काउंटरवर बसली, ओढणीविना. पहिलं गिऱ्हाईक जुनं, तोंडाने फटकळ. “वहिनी, दात दुखतोय का? हसताय वाकडं.”

“हे वाकडं सगळ्यांना फुकट मिळतं,” ती म्हणाली. “सरळ हवं असेल तर काहीतरी गमतीचं सांगावं लागेल.”

पडद्याआड मास्तर दिवा पुसत होते. तो माणूस काय बोलला ते त्यांना ऐकू आलं नाही. तिचं हसणं तेवढं आलं, खळखळून. मास्तर पाहायला गेले नाहीत. बायको कामावर आली होती.