आईच्या नाकाची नोकरी

हिंदी मुलखातल्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आईच्या हातापेक्षा तिच्या नाकाचा दरारा मोठा. झाकण न उचलता ती सांगायची, रस्सा कुठे चुकला. गोविंदपुऱ्यातल्या एका वर्कशॉपमधून तिनं पत्र्याची भट्टी बनवून घेतली होती. तीत अंड्याचा हलका सूफ्ले फुगायला ठेवला, की तो धक्क्यानं बसू नये म्हणून कारखान्यातल्या अवाढव्य यंत्रांना न बिचकणारे बाबा घरात चवड्यांवर चालायचे.

लेडीज क्लबच्या पाककला स्पर्धेत परीक्षक कायम आईच. जीभ अशी, की बायका डबा उघडायच्या आधी देवाचं नाव घ्यायच्या. समोरच्या क्वार्टरमधल्या भाभींना एका वर्षी भर सभेत म्हणाली, "कोफ्ते अच्छे हैं भाभी, बच्चों को खेलने दे दीजिए." भाभी रडत घरी गेल्या. मी आठवडाभर हसत होतो.

मग एका तापात आईचं नाक गेलं. ताप उतरला, वास परतलाच नाही. खारट, गोड कळायचं. बाकी सगळं पुठ्ठा. हे तिनं फक्त मला सांगितलं. तेव्हा मी चोवीस वर्षांचा, त्याच कारखान्यात ट्रेनी.

"मलाच का?" मी विचारलं.

"तुझे बाबा दया करतील. तू नालायक आहेस, तू नाही करणार."

असा मी आईचं नाक झालो. घरी फोडणीवर वाकून "झाली, उतरव" म्हणायचं काम माझं. पण खरी परीक्षा स्पर्धेची होती. ते परीक्षकपद गेलं, तर टाउनशिपमध्ये ती फक्त एका फोरमनची बायको उरणार होती. हे तिचेच शब्द. म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. बश्या वाढायच्या निमित्तानं मी आधी चाखायचं. हनुवटी खाजवली तर उत्तम, चष्मा वर सारला तर बिघडलंय.

पहिले सात पदार्थ झकास गेले. आईनं तिघींना फाडून खाल्लं, तेही माझ्या चष्म्याच्या जोरावर. मला सत्ता चढली.

आठवा पदार्थ समोरच्या भाभींची खीर. झाकण निघताच करपलेल्या दुधाचा वास पहिल्या रांगेपर्यंत गेला. बायकांनी पदर नाकाला लावले आणि आईच्या तोंडाकडे बघत बसल्या. आई माझ्याकडे बघत होती.

मी हनुवटी खाजवली.

भाभींची मला दया आली होती, असं मी पुढं बरीच वर्षं सांगत आलो. खोटं आहे. मला गंमत बघायची होती.

आईनं चमचा तोंडात घालून डोळे मिटले. "वाह! दूध क्या औटाया है. और इलायची, बिलकुल नाप की!"

हॉलमध्ये हशा फुटला. हसण्यात मीही होतो, बहुतेक सगळ्यांत मोठ्यानं. फक्त भाभी हसल्या नाहीत. त्या उठल्या, आईच्या कानाशी वाकून हळूच म्हणाल्या, "दीदी, ये तो जल गई थी. आपको... महक नहीं आई?"

आईनं चमचा बशीत ठेवला, माझ्या हनुवटीकडे एकदा पाहिलं आणि निकाल न लावता निघून गेली.

घरी गेल्यावर मी आधीच तयार ठेवलेलं "अगं, चेष्टा केली" म्हणालो.

"कळलं," ती म्हणाली. "तू नालायक आहेस, हे मला माहीत होतं. कुणासमोर नालायकपणा करावा एवढी अक्कल असेल, असं वाटलं होतं."

पुढच्या वर्षी परीक्षक दुसऱ्याच बाई झाल्या. आईनं चौकशीही केली नाही. स्वयंपाक मात्र सोडला नाही. स्पर्धेनंतरच्या पहिल्याच रविवारी भट्टीतून करपल्यासारखा वास आला म्हणून मी धावत आत गेलो. भट्टीसमोर भाभी वाकल्या होत्या. कोफ्तेवाल्या भाभी.

"बस दीदी, दो मिनट और," त्या म्हणाल्या.

"आई, जळतंय ते. मी बघू का?"

आईनं वळूनही पाहिलं नाही. "भाभी दो मिनट म्हणतायत ना? तू बाहेर बस. झालं की वाढते."

दोन मिनिटांनी पदार्थ निघाला. कड जरा काळी होती. तो माझ्या ताटात वाढताना कसा झालाय, हे तिनं भाभींना विचारलं.