विलासरावांची आदिलशाही

अंबाबाईची शपथ घेऊन सांगतो, खाली लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, एका जागी मी थोडी भर घातली आहे. पण ती जागा शेवटी सांगणार आहे, त्यामुळे शपथ मोडत नाही. दर रविवारी चार टाळकी एका टेबलाभोवती जमली आणि त्यातल्या तिघांना आपण सेनापती आहोत असं वाटत असलं, की किस्से शोधावे लागत नाहीत. अंगणात पाचोळा साठतो तसे साठतात. झाडायला माझ्यासारखा एखादा रिकामटेकडा लागतो.

टाळकी अशी: आबा, सिमेंटचे डीलर आणि मंडळाचे स्वयंघोषित अध्यक्ष. देसाई सर, चंदगडचे, भूगोलाचे मास्तर. मी. आणि विलासराव, आयटीआयमधून निवृत्त झालेले, ज्यांच्या राजारामपुरीतल्या घरी हे टेबल आहे.

खेळ असा. बोटाच्या पेराएवढे सैनिक टेबलावर मांडायचे, टेपनं इंच मोजून पुढं सरकवायचे आणि गाठ पडली की फासा टाकून कोण मेलं ते ठरवायचं. नियमांचं पुस्तक विलायती, दोनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या लढायांचं. आबांनी पहिल्याच दिवशी ते मिटलं.

"ह्यात आपलं कोण हाय? कोण न्हाय! नियम शिवकाळाला बसवायचे!"

आता आदिलशाही फौज कोण घेणार? कोल्हापुरात! आबांनी तोड काढली. "घर विलासरावांचं. मग पडती बाजू पावण्यांनी घ्यायची व्हय?"

विलासरावांनी घेतली. तीनशे सैनिक स्वतः रंगवले, प्रत्येकाच्या मिशा वेगळ्या. आणि चार वर्षं दर रविवारी हरले.

आतून काकूंचा आवाज यायचा, "अवो, हरायचं तुमी, आणि जिंकलेल्यांस्नी च्या मी करायचा!"

* * *

पुस्तकात नावाजलेल्या पथकाला फाशावर दोन जादा मिळतात. आबा म्हणाले, "आमचे पूर्वज पहिल्या फळीत हुते. आमच्या पथकाला दोन जादा."

"पुरावा?" विलासरावांनी विचारलं.

"आडनावावरनं कळत न्हाय?"

मग देसाई सरांचेही पूर्वज निघाले. माझे निघायला तर दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सगळ्या फौजेला दोन जादा!

पुढच्या रविवारी विलासराव तीन जाडजूड ग्रंथ घेऊन बसले होते. पानापानांत खुणेच्या चिठ्ठ्या. आबांच्याच आडनावाचे पाच सरदार आदिलशाहीच्या चाकरीत! "मग माझ्याही पथकांना दोन जादा द्या की."

आबांनी ग्रंथ चाळले, चष्मा काढला आणि म्हणाले, "ती आमची भावकी. आमचं त्यांचं येणं-जाणं न्हाय!"

* * *

पुस्तकात माघार घेतली की गुण कापतात. आबा भडकले. "आपली माघार म्हंजे डाव असतुया! इंचाला एक गुण द्यायचा."

"सगळ्यांना?" विलासराव.

"नियम समद्यांस्नी सारखा!"

त्या रविवारी दोन्ही फौजांनी एकमेकांकडं पाठ केली. दहा मिनिटांत टेबलावर नुसतं हिरवं कापड! लढाई झाली, मेलं कुणी नाही. विलासरावांची फौज मोठी, म्हणून गुण त्यांचे जास्त.

आबांनी बेरीज दोनदा तपासली. "तुमी पळ काढलाय. पळायला गुण नसत्यात."

* * *

पन्हाळ्याच्या लढाईसाठी देसाई सरांनी थर्माकोलचा गड केला. भूगोलाचे मास्तर! विलासराव वाकून बघत राहिले. "सर, दरवाजा इथं कसा?"

"गाडी तिथनंच वर जाती की! मी गेल्याच महिन्यात गेलतो."

वर ऐसपैस सपाट जागाही होती. पार्किंगची. विलासरावांनी सुस्कारा सोडून आपला एकुलता एक हत्ती त्या दरवाज्याशी नेला.

आबांनी बोट आडवं धरलं. "मोठी गाडी वर सोडत न्हाईत."

* * *

पुस्तकात पाऊस आला की बंदुका कधीकधी उडत नाहीत, एवढंच. देसाई सर हसले. "ह्याला पाऊस म्हणायचं? या आमच्या चंदगडला!" त्यांनी नियम लिहिला: पाऊस लागला की चार महिने कुणी जागचं हलायचं नाही.

फाशानं पहिल्याच चालीला पाऊस पाडला. विलासरावांचे घोडेस्वार आबांच्या तोफांपासून चार इंचांवर!

"आता?" विलासरावांनी विचारलं.

"आता काय, छावणी!" म्हणत आबा आणि सर मिसळ खायला गेले. जाताना सर दारातून ओरडले, "उघडीप झाली की फोन करा!"

* * *

दिवाळीनंतर विलासराव लेकीकडं कायमचे पुण्याला निघाले. "म्हंजे खरंच शत्रूच्या गोटात!" आबा म्हणाले. विलासराव हसले नाहीत.

"जायच्या आधी एकदा जिंकायचंय मला. एकदाच. नियम तुमचेच ठेवा."

शेवटचा रविवार. पाऊस पडला नाही, हत्ती कुणी अडवला नाही, आणि विलासरावांनी डोंगर आणि नदीच्या बेचक्यात आबांचा सेनापती चारी बाजूंनी कोंडला. पुस्तकाप्रमाणं, निसटायला आबांना सहाच पडायला हवा. पण आबांनी तो नियम पहिल्याच वर्षी बदलला होता: दोन किंवा वर काहीही पडलं की सेनापती निसटला. फक्त एक पडला तर सापडला.

"बघा हं विलासराव," म्हणत आबांनी असा जोरात फासा फेकला की तो टेबलावरनं उडून लोखंडी कपाटाखाली गेला.

"पडंल तिथं मोजायचा," आबा म्हणाले. नियम त्यांचाच. पोट आडवं येत होतं म्हणून ते वाकले नाहीत. सरांची कंबर धरलेली. विलासराव हातातला टेप घट्ट धरून उभे. मी आबांच्या बाजूचा आणि अंगानं किडकिडीत, म्हणून मी जमिनीवर पालथा पडलो. काकूंनी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि शेजारी बसून मोबाईलची बॅटरी धरली.

मी हात घालून फासा बाहेर काढला आणि ओरडलो, "एक!"

"काकू, खरं?" आबांचा आवाज चिरकला.

काकूंनी बॅटरी बंद केली. "एकच हाय की! मी बघितला न्हवं."

विलासरावांनी हातातला टेप खाली ठेवला. मग त्यांनी आबांचा सेनापती चिमटीत उचलला, सदऱ्याच्या बाहीनं पुसला आणि आबांच्या हातात दिला. काकूंनी त्या दिवशी चहा आधी विलासरावांना दिला.

आता राहिली शपथ. भर घातलेली जागा सांगतो: कपाटाखाली फाशावर चार होते.